पवनीचा नाग

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी नावाचे प्राचीन नगर वसलेले आहे. गावाभोवतीच्या जुन्या तटाचे अवशेष, नदीकडे उतरणारे घाट आणि जागोजाग उभी असलेली देवळे पाहून नवख्या माणसालाही या नगराच्या वयाची थोडीफार कल्पना येते. परंतु त्याचे खरे वय मातीखाली दडलेले होते. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तेथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटातून एका विशाल स्तूपाचे अवशेष आणि त्याच्या सभोवतीच्या दगडी कठड्याचे कोरीव खांब बाहेर आले. डॉ. शां. भा. देव आणि जगतपती जोशी या विद्वानांनी या उत्खननाचा अहवाल लिहिला व नागपूर विद्यापीठाने तो १९७२ साली प्रसिद्ध केला.

पवनीस मिळालेल्या खांबांपैकी एकावर पाच फणांचा नाग कोरलेला आहे. फणा उभारून तो एका आसनावर छत्र धरून राहिला आहे. आणि ते आसन रिकामे आहे. जवळच ब्राह्मी लिपीत ‘मुचरिंद नागो’, म्हणजे मुचलिंद नाग, असे त्याचे नाव कोरले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोणा अज्ञात पाथरवटाने घडविलेला हा खांब आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. २०२३ साली तर तो सातासमुद्रापलीकडे जाऊन आला; न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भारतातील प्राचीन बौद्ध कलेचे मोठे प्रदर्शन भरले होते, त्यात तो मांडला होता. वैनगंगेकाठच्या या नागाने एवढा प्रवास केला. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यातील किती मुलांनी त्याला पाहिले असेल?

याच जिल्ह्यात एकोडी नावाचे गाव आहे. धानाच्या बांध्या आणि पाण्याने भरलेली तळी ही या सगळ्या मुलखाची ओळख. पोटापुरते भात आणि तळ्यातली मासळी येथे आहे. संग्रहालय मात्र येथे नाही, आणि लहान गावात ते असावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. लोक त्याला कौतुकाने ‘अजब बंगला’ म्हणतात. तेथवर जायचे म्हणजे दिवसाची रोजी बुडवून एस.टी.चे भाडे खर्च करणे आले. दिल्लीची तर गोष्टच नको. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या अशा गावांतील मुलांना कलाकृती म्हटली की पुस्तकाच्या पानावरचे टपाल तिकिटाएवढे काळपट चित्र तेवढे ठाऊक असे. त्यात नाक कोणते आणि सावली कोणती, हे गुरुजींनी सांगावे आणि मुलांनी मानावे!

आता ती अडचण पुष्कळशी सरली आहे. घरोघरी मोबाइल आले आणि त्यांच्यामागून इंटरनेटही आले. जगातील मोठमोठ्या संग्रहालयांनी आपल्या वस्तूंची छायाचित्रे व त्यांची माहिती सर्वांना पाहता येईल अशी खुली केली आहे. आपल्या देशातही हे काम चालू आहे. संग्रहालयांतील वस्तूंची संगणकावर नोंद ठेवण्यासाठी पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने एक प्रणाली तयार केली आणि तिला ‘जतन’ असे अस्सल मराठी नाव दिले. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयासह देशातील अनेक संग्रहालयांनी तिचा उपयोग केला आहे. नाव ठेवणाऱ्याला कामाचे मर्म कळले होते, यात शंका नाही.

परंतु दार उघडे असणे वेगळे आणि आत जाऊन हवी ती वस्तू हाती लागणे वेगळे. एकोडीच्या शाळेत सातवीत शिकणारी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. गुरुजींनी ‘आपल्या जिल्ह्यातील एका कलाकृतीची माहिती लिहून आणा’ असे सांगितले आहे. पवनीला कोठलासा दगडी नाग सापडला होता, एवढे तिने कोणाकडून ऐकले आहे. संध्याकाळी बाबा शेतावरून परतले की तासभर मोबाइल तिच्या हाती येतो. ती उत्साहाने ‘नाग शिल्प’ असे शब्द लिहिते आणि क्षणार्धात नागांची जत्राच तिच्यापुढे भरते. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेरचा नागराज त्यात आहे. कोणा बागेतला सिमेंटचा नाग आहे. विकायला काढलेले पितळेचे नाग तर किती तरी आहेत, त्यांच्या किमतीही शेजारी दिलेल्या आहेत. फक्त पवनीचा नाग तेवढा नाही.

मग ती गावाचे नाव घालून पाहते. तेव्हा वाघ दिसू लागतात! कारण रामटेक तालुक्यातही पवनी नावाचे एक गाव आहे आणि पेंचच्या जंगलाकडे जाणारे प्रवासी त्याच्या नावाने पुष्कळ लिहीत असतात. एकोडीच्या मुलीला याचे फारसे नवल वाटू नये, कारण एकोडी नावाचे गाव गोंदिया जिल्ह्यातही आहे. त्यात आणखी एक गुंता असा की, १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. त्यामुळे जुन्या ग्रंथात ‘भंडारा जिल्हा’ असे वाचले तरी ते स्थळ आज कोठल्या जिल्ह्यात आहे हे ताडून पाहावे लागते. नुसत्या गावाच्या नावाने भागत नाही; तालुका, जिल्हा, नदी, टेकडी असे सगळे धरून शोधावे लागते.

नावांची ही कथा येथेच संपत नाही. पवनी हे नाव इंग्रजी अक्षरांत निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या प्रकारे लिहिले आहे. जुन्या ग्रंथांतली अक्षरे वेगळी, आजच्या पाट्यांवरची वेगळी. मुचलिंदाचेही तेच. कोणी त्यातला ‘च’ एका अक्षराने लिहितो, कोणी दोन अक्षरांनी, आणि खुद्द दगडावर कोरणाराने तर ‘ल’च्या जागी ‘र’ कोरून ठेवला आहे. यंत्र मोठे चपळ असले तरी पुष्कळदा ते लिहिलेल्या अक्षरांच्याच मागे धावते. जो एकाच रीतीने नाव लिहून थांबतो, त्याला एकच दार उघडते. चार-पाच रीतींनी लिहून पाहणाराला, मराठीत आणि इंग्रजीतही शोधणाराला, चार-पाच दारे उघडतात. हे काम कंटाळवाणे आहे. तथापि कंटाळा केला तर नाग सापडत नाही.

अखेर तो सापडतो. छायाचित्र बोटांनी मोठे करताच दगडावरची बारीक टिंबेसुद्धा दिसू लागतात. संग्रहालयात दोरीपलीकडे उभ्या राहणाऱ्या माणसालाही कधी कधी इतके जवळून पाहता येत नाही. मुलगी ते चित्र आजीला दाखवते. आजीला ना इंग्रजी येते, ना ब्राह्मी. ती चष्मा सावरून बराच वेळ पाहते आणि म्हणते, “अगं, नागोबानं सावली धरली आहे खरी, पण बसणारा कुठं गेला?”

सगळ्या शोधात याहून चांगला प्रश्न कोणी विचारला नसता. मुलीने चित्राखालचे नाव, काळ आणि ठिकाण वहीत उतरून घेतले होते आणि काम संपले असे ती मानून बसली होती. आजीने काहीच न वाचता फक्त पाहिले होते.

त्या प्रश्नामागे जाता जाता मुलीला मुचलिंदाची गोष्ट कळते. बोधी प्राप्त झाल्यावर भगवान बुद्ध ध्यानस्थ बसले असता अवकाळी पाऊस आणि झंझावात सुरू झाला. तेव्हा मुचलिंद नावाचा नागराजा वर आला, त्याने आपल्या वेटोळ्यांनी त्यांना वेढले आणि सात दिवस त्यांच्या मस्तकावर फणा धरली. म्हणजे आसनावर बसणारे बुद्ध होते. मग पाथरवटाने त्यांना कोरले का नाही? मुलगी आणखी शोधते. मध्य प्रदेशातील भारहुत येथे १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांना अशाच एका स्तूपाचा कठडा मिळाला. तो आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. तेथील दगडांवरही आकृतींची नावे ब्राह्मीत कोरली आहेत आणि तेथेही बोधिवृक्षाखालचे आसन रिकामेच आहे. सांचीच्या तोरणांवरही तसेच. त्या काळी शिल्पकार बुद्धांची मानवी मूर्ती न घडविता आसन, वृक्ष, चक्र, पाऊलखुणा अशा चिन्हांनी त्यांचे अस्तित्व सुचवीत, असे पुष्कळ विद्वान सांगतात. दुसरे काही विद्वान म्हणतात की, रिकामे आसन म्हणजे बुद्धांचे चिन्ह नव्हे. लोक ज्या पवित्र स्थळाच्या यात्रेला जात, त्या स्थळाचेच ते चित्र आहे. पुढच्या शतकांत बुद्धांच्या मूर्ती घडू लागल्या. दूरच्या कंबोडियात तर नागाच्या वेटोळ्यांवर शांतपणे बसलेल्या आणि मागे नागाची फणा पसरलेल्या बुद्धांच्या मूर्ती विपुल मिळतात. तेथे आसन भरलेले आहे. पवनी, भारहुत, सांची आणि कंबोडिया ही चार ठिकाणे एकाच संध्याकाळी एकाच ओसरीवर शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. मागच्या पिढीतील पंडितांनाही यासाठी आयुष्यातली वर्षे आणि पदरचा पैसा खर्चावा लागत असे.

मात्र काचेवरच्या चित्राचा एक दोष ध्यानात ठेवला पाहिजे. तेथे सगळ्या वस्तू सारख्याच आकाराच्या होतात. लिओनार्दोची ‘मोनालिसा’ ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे. पिकासोचे ‘गेर्निका’ सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब आहे. एक चित्र शाळेच्या खिडकीत मावेल, दुसऱ्याला वर्गाची भिंतही अपुरी पडेल. मोबाइलवर मात्र दोन्ही तळहाताएवढी! म्हणून संग्रहालयाच्या नोंदीत लांबी-रुंदीचे आकडे दिलेले असतात, आणि ते केवळ वाचून सोडण्यासारखे नसतात. खडू घेऊन तेवढी चौकट भिंतीवर आखली की चित्रापुढे उभे राहणाऱ्याला काय वाटत असेल याचा थोडासा तरी अंदाज येतो. वस्तू कशाची आहे, कोठे मिळाली, संग्रहालयात तिचा क्रमांक कोणता, हेही नोंदीत असते. क्रमांकाकडे मुले सहसा पाहत नाहीत. पण गावात एकाच नावाची दहा माणसे असली तरी रेशनकार्डाचा क्रमांक एकेकाचाच असतो. तसेच हे आहे.

एवढे करूनही एका जागी मुलगी अडखळते. एका ठिकाणी पवनीचा खांब इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला म्हटला आहे, दुसऱ्या ठिकाणी पहिल्या शतकातला. खरे कोणते? दगडावर नाव कोरले आहे, साल कोरलेले नाही. अक्षरांचे वळण, कोरण्याची शैली, खांब मातीच्या कोणत्या थरात मिळाला आणि त्या थरात आणखी काय होते, यांवरून विद्वान अंदाज बांधतात. अशा अंदाजात शंभर वर्षांचा फरक पडला तर तो अप्रामाणिकपणा नव्हे. अशा वेळी ‘इसवी सनापूर्वीचे दुसरे ते पहिले शतक’ असे लिहावे आणि हे कोणी म्हटले आहे तेही लिहावे. प्रत्यक्ष खणणाऱ्यांचे म्हणणे पाहायचे असेल तर त्याचीही सोय आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण दर वर्षीच्या उत्खननांचा वृत्तान्त प्रसिद्ध करीत असे. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर वाचता येतात, आणि १९६९-७० च्या अंकात पवनीचाही वृत्तान्त आहे. ती इंग्रजी सातवीच्या मुलीला जड जाईल. तेवढ्यापुरते गुरुजींना विचारावे. ते कशासाठी आहेत?

खरी फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. कोणी एकाने निष्काळजीपणे एका चित्राखाली चुकीचे नाव लिहिले की दुसरा ते उचलतो, दुसऱ्याचे तिसरा उचलतो, आणि पाहता पाहता वीस ठिकाणी तेच नाव दिसू लागते. वाचणाराला वाटते, वीस जण सांगतात त्या अर्थी ते खरेच असले पाहिजे. वस्तुतः साक्षीदार एकच असतो, आणि तोही निष्काळजी! अशा वेळी छायाचित्रच यंत्राला दाखवून ते आणखी कोठे कोठे छापले गेले आहे हे शोधता येते. तसा माग काढीत गेले म्हणजे बहुधा एखाद्या संग्रहालयाच्या किंवा जुन्या ग्रंथाच्या दाराशी पोहोचता येते आणि खरे नाव कळते.

याचे घरोघरी दिसणारे उदाहरण म्हणजे राजा रविवर्मा. जुन्या घरांच्या भिंतीवर लक्ष्मीची किंवा सरस्वतीची चौकटीतली तसबीर असली की ती रविवर्म्याची, असे सांगण्याची पद्धतच पडली आहे, आणि इंटरनेटवर तर कोठल्याही जुन्या देवादिकांच्या चित्राखाली त्याचे नाव बेधडक लिहिलेले असते. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. काही वर्षांतच त्याने तो एका जर्मन तंत्रज्ञाला विकला. १९०६ साली रविवर्मा वारला, पण छापखाना त्याच्या नावाने पुढे कित्येक वर्षे चालतच राहिला, आणि इतर चित्रकारांची चित्रेही तेथे छापली गेली. शिवाय त्याच्या चित्रांच्या नकला करणारे दुसरे छापखानेही होते. तेव्हा भिंतीवरची तसबीर रविवर्म्याची आहे असे म्हणण्यापूर्वी तिच्या कडेला बारीक अक्षरांत काय छापले आहे ते भिंगातून पाहणे बरे.

एवढा खटाटोप एका चित्रासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने अजिंठ्याच्या चित्रांचे काय झाले ते पाहावे. रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम मिळाले. रानात, उकाड्यात, लेण्यांच्या अंधुक उजेडात त्याने सुमारे वीस वर्षे हे काम केले. त्याच्या मोठमोठ्या नकला लंडनजवळच्या काचेच्या राजवाड्यात मांडल्या होत्या. १८६६ साली तेथे आग लागली आणि त्यांतील बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम नव्याने हाती घेतले. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होते. १८८५ पर्यंत काम चालले आणि सुमारे ३०० नकला झाल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि त्याच १८८५ साली तेथील संग्रहालयाच्या कोठारात आग लागून त्यांतील शंभरावर नकला खाक झाल्या! दोन्ही संचांतील मिळून १६६ चित्रे आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. कित्येक वर्षे ती गुंडाळून ठेवलेली होती. आता त्यांची छायाचित्रे त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात.

ही नकलांची छायाचित्रे आहेत, अजिंठ्याची मूळ चित्रे नव्हेत, हे विसरून चालणार नाही. इंटरनेटवर ती पुष्कळदा मूळ चित्रे म्हणूनच फिरत असतात. पण गेल्या दीडशे वर्षांत अजिंठ्याच्या भिंतींवरचा रंग जागोजागी झडला आहे. जेथे आज लेण्यात नुसता करडा गिलावा दिसतो, तेथे ग्रिफिथ्सच्या एखाद्या विद्यार्थ्याने एक हात, एक फूल किंवा हत्तीच्या सोंडेचे टोक टिपून ठेवलेले आढळते. नक्कल आणि आजच्या भिंतीचे छायाचित्र शेजारी ठेवून पाहणाराला काय गेले ते कळते. जे दोन्ही आगींत जळाले, त्यातले पुष्कळसे मात्र आता कोणालाच दिसणार नाही.

आणि ज्याची नक्कल झाली नाही, छायाचित्र निघाले नाही, नोंद झाली नाही, त्याचे काय? झाडीपट्टीतील किती तरी गावांत पिंपळाच्या पारावर, तळ्याच्या पाळीवर, देवळामागच्या उकिरड्याशेजारी जुने कोरीव दगड पडलेले असतात. शेंदराची पुटे चढून त्यांचे नाकडोळे बुजून गेलेले असतात. जगातले कोणतेही यंत्र त्यांच्याविषयी काही सांगू शकत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

असाच एखादा दगड त्या मुलीच्या रोजच्या वाटेवरही असू शकेल. पवनीच्या नागासाठी वहीत आखलेले रकाने तिच्यापाशी आहेतच. ती शिंप्याकडून मोजपट्टी मागून आणते. दगड हलवायचा नाही, शेंदूर खरवडायचा नाही, एवढे आजीने बजावले आहे. जमिनीवरची उंची ती सेंटिमीटरमध्ये लिहिते. दगडाचा रंग लिहिते. सकाळच्या तिरप्या उन्हात, कोरीवकाम उठून दिसते तेव्हा, बाबांच्या मोबाइलवर चारी बाजूंनी छायाचित्रे घेते. ‘कोणी सांगितले’ या रकान्यात पारावरच्या दोन म्हाताऱ्यांची नावे येतात. एक म्हणतो ही देवी आहे, दुसरा म्हणतो हा लढाईत पडलेला वीर आहे. ती दोन्ही लिहून घेते. ‘काळ’ या रकान्यात लिहायला तिच्यापाशी काही नाही. तेथे ती पेन्सिलीने टिपून ठेवते : नागपूरच्या संग्रहालयाला छायाचित्रे पाठवून विचारणे.